बाबांच्या कानातला देव

मोहाच्या झाडाखाली सकाळपासून दीड-दोनशे माणसं बसली होती आणि पंचवीस-तीस पावलांवर, ओट्यावर, रेवाराम बाबा त्यांच्या मनातलं वाचून दाखवत होते. एखादी बाई पुढे जायची. तिने तोंड उघडायच्या आत बाबा डोळे मिटायचे. "धानाच्या बांधीवरून दिरासंगं झगडा! पहिला शब्द तुझा!" बाई मटकन खाली बसायची, माणसं हात जोडायची, कॅमेरा तिच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचा.

कॅमेरा नागपूरच्या भूपेंद्र सरांचा होता. झाडीपट्टीच्या लोकपरंपरांवर ते माहितीपट काढत होते आणि त्यातल्या निवेदनाप्रमाणे बाबांची ही विद्या हजार वर्षं जुनी होती. वर्षभरापूर्वीपर्यंत बाबा देवरीत मोबाईलच्या काचा बदलायचे, एवढं मात्र निवेदनात मावलं नव्हतं. दरेकशाजवळच्या या टोल्यावर, एवढ्याशा वस्तीत, असा ओटा कुणाच्या आज्यानेही पाहिला नव्हता. पण शिकलेला माणूस परंपरा म्हणतो म्हणजे असेल बापा, असं म्हणून सगळे गप्प होते.

सर आले होते ते खरं तर केवलरामची दंडार, म्हणजे गाण्या-सोंगांचं लोकनाट्य, टिपायला. केवलराम चाळीस वर्षं दंडारीत सोंगं काढत आला होता. दोन गाणी ऐकून सरांनी जांभई दिली. "दादा, छान आहे, पण यात चमत्कार नाही." मग त्यांनी कुठूनसा चमत्कार आणला.

केवलरामला त्याचं काही वाटलं नसतं. पण एके दिवशी त्याची सून चमेली आपल्या अकरा वर्षांच्या आचलला घेऊन झाडाखाली जाऊन बसली आणि त्याला सोबत जावं लागलं. आचलला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. रोज गोळ्या होत्या. गोळ्या घेऊनही अधूनमधून तिची हाडं ठणकत, आणि पोरीचं कण्हणं ऐकून ऐकून चमेली थकली होती.

झाडाखाली बसल्याबरोबर सरांच्या माणसाने तिच्या पदराला गुंडीएवढा माईक लावला. "नंबर आला की आवाज नीट यायला पाहिजे, ताई." नंबर यायला दोन तास लागले. तेवढ्या वेळात चमेली सासऱ्याला हळूच म्हणाली, "मामाजी, गेलेली माय सपनात आली होती. निळं लुगडं होतं. बोललीच नाई माह्यासंगं."

ओट्यापुढे जाताच बाबा थरथरले. "निळं लुगडं! तुझी माय रूठ गयी है! पोरीच्या पोटात त्या गोळ्यांचं जहर आहे, म्हणून बोलत नाही ती!"

त्याच संध्याकाळी चमेलीने गोळ्या नाल्यात टाकल्या.

नवव्या दिवशी आचलला पायावर उभं राहता येईना. श्वासही धाप लागल्यासारखा. केवलरामने जीप करून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, पोरगी जरा शांत झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या का थांबवल्या? एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत." डॉक्टरीणबाई गेल्यावर चमेली म्हणाली, "मामाजी, निळं लुगडं त्यायले कसं समजलं? मी तं फक्त तुमाले सांगितलं. पोरीले गोळी द्याले भेव लागते मले."

केवलराम बाकावर बसून विचार करू लागला. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, तिनेही नाही. मग ऐकलं कुणी? आणि त्याला गेल्या मंडईच्या जत्रेतली दंडार आठवली. असाच गुंडीचा माईक गळ्याशी लावून तो पडद्यामागे गेला होता आणि बिडी ओढत सरपंचाला मनसोक्त शिव्या देत होता. बाहेर सगळं गाव भोंग्यातून ऐकत होतं. सरपंचही.

केवलराम ताडकन उठला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच झाडाखाली जाऊन बसला. माईक लावून घेतला. मग हनुवटी छातीला टेकवून पुटपुटला, "माह्या लहान भावाचा आत्मा भटकून राहिला. बोदलकशाच्या तलावात बुडून मेला बिचारा."

नंबर आला. बाबांनी डोळे मिटले. "पाणी... बडा तालाब... तुझा लहान भाऊ तडफडून राहिला!"

लोकांत कुजबुज झाली. "ह्याले कुठचा भाऊ? मायबापाचा एकलाच तं होय!"

बाबा क्षणभर अडखळले, मग हात वर करून गरजले, "पिछले जनम का भाई!"

"आसंन बापा," कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हात जोडले गेले. मागच्या जन्माचा दाखला मागणार कोण?

केवलराम झाडापर्यंत परत आला, ओट्याकडे पाठ केली आणि माईकजवळ तोंड नेऊन अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, पगडीवर इच्चू चढून राहिला."

ओट्यावर त्रिकालज्ञानी बाबा "इच्चू! इच्चू!" बोंबलत उडाले. पगडी एकीकडे, माळा दुसरीकडे, आणि मोकळ्या केसांतून कानातलं काळं यंत्र निसटून ओट्यावर टपकन पडलं.

केवलरामने वळून विचारलं, "कोण बोललं इच्चू? तुम्ही आयकलं?"

"नाई," शेजारी बसलेले म्हणाले. "तू तं पुटपुटला. आमाले इथं आयकू नाई आलं."

"मंग तिकडं त्याले कसं आयकू आलं?"

कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. झाडाखाली बसलेल्यांनी एकेक करून आपापला माईक उपटला. एका म्हातारीने तर तोंडाजवळ धरून आधी बाबांच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि मगच तो काढला. पोलीस पाटील आला. भूपेंद्र सर घाईने यंत्रं गाडीत भरत होते, तरी जाता जाता त्यांच्यातला कलावंत जागा झालाच. "दादा, ते विंचवाचं पुन्हा एकदा करता? कॅमेरा तुमच्याकडे नव्हता हो."

केवलराम तडक दवाखान्यात गेला आणि घडलं ते सगळं सांगितलं. चमेली हसली नाही. तिने विचारलं, "म्हणजे माय रागावली नाई?"

"सपन तुहं होतं, बेटा. त्यानं तुहंच तुले आयकवलं. जहर तेवढं त्याच्या पदरचं."

चमेलीने डोळे पुसले. नर्सकडून गोळी मागून घेतली, आचलला पाण्यासोबत दिली. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या तापल्या लेकराच्या गळ्यातला दोरा चाचपत हे सगळं ऐकत होती. चमेली तिच्याकडे वळली.

"बाई, कोणी मनातलं सांगितलं तं पाया नोको पडू. पयले विचार, तुले कसं समजलं? अन् लेकरू बिमार असंन तं डॉक्टरले विचार. मी नाई विचारलं. माही पोरगी जाता जाता राहिली."