भिंतीकडे वळवलेला कॅमेरा

नॉर्थ डकोटातल्या ग्रॅनलंडच्या दहा खाटांच्या हॉस्पिटलात व्हर्ना मुख्य नर्स होती. अनुदानासाठी आरोग्य खात्याकडे अर्ज केल्यापासून तिच्या पायाला भिंगरीच लागली होती. वॉर्डातून स्वयंपाकघरात, तिथून औषधांच्या खोलीत, आणि काय आणायला आलो होतो तेच विसरून पुन्हा वॉर्डात.

छोट्या ग्रामीण हॉस्पिटलांना उपचार सुधारण्यासाठी सरकार पैसे देत होतं. डॉक्टर लुंडेंनी त्यावर एकच प्रश्न विचारला होता.

"छप्पर गळतंय, त्याला चालतील का?"

"नाही चालणार, डॉक्टर. छप्पर नाही, पगार नाही. उपचार सुधारतील असंच काहीतरी हवं."

"म्हणजे तेहतीस वर्षं मी ते बिघडवत होतो म्हण की!"

गावातली अर्धीअधिक पोरं या माणसाच्या हातावर जन्मली होती, व्हर्नाच्या दोन्ही मुलीसुद्धा. पण डॉक्टर आता एकाहत्तर वर्षांचे होते आणि गावात दुसरा डॉक्टर नव्हता. मागच्या हिवाळ्यात ते चार दिवस तापाने पडले, तेव्हा आलेला प्रत्येक पेशंट चाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलात पाठवावा लागला होता. तेव्हापासून व्हर्नाला एकच भीती होती, हे पुन्हा पडले तर? ती त्यांच्या तोंडावर बोलून दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून तिने अर्ज भरला.

वसंतात पैसे आले आणि इमर्जन्सीच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा आणि कॅमेरा बसला. लाल बटण दाबलं की शहरातला तज्ज्ञ डॉक्टर पडद्यावर हजर.

"माझ्या खांद्यावरून डोकावायला शहरातलं एखादं शेंबडं पोरगं बसवणार," डॉक्टर लुंडे म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा भिंतीकडे वळवला.

व्हर्नाने तो सरळ केला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भिंतीकडे. उन्हाळाभर हे असंच चाललं. दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. पेशंट येत होते, डॉक्टर त्यांना बरे करत होते, लाल बटणाला कोणाचं बोट लागत नव्हतं. वर्षाअखेर खात्याला काय कळवायचं या विचाराने व्हर्नाला जेवण गोड लागेना. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी तिला वाटे, डॉक्टरांचंच बरोबर असेल. आपण उगाच एका भल्या माणसाचा अपमान करून ठेवला.

ऑक्टोबरात सूर्यफुलाची कापणी जोरात होती. एका दुपारी क्लिंट ब्रॅंडव्होल्ड अंगठा फाडून घेऊन आला. डॉक्टर त्याला टाके घालत बसले. व्हर्ना बाहेर फोनवर होती. तेवढ्यात आत ट्रे खळकन पडला आणि क्लिंट ओरडला, "अगं व्हर्ना, लवकर ये! डॉक्टर काहीतरीच बडबडतायत!"

डॉक्टर स्टुलावर एका बाजूला कलले होते. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. क्लिंटने आपल्या धड हाताने त्यांना दंडाला धरून ठेवलं होतं. त्याच्या दुसऱ्या हाताच्या अंगठ्यातून सुई-दोरा तसाच लोंबत होता.

व्हर्नाने बटण दाबलं. पडदा उजळला.

"मी डॉक्टर यून," एका बाईचा आवाज आला. "मला नुसती भिंत दिसतेय. तिथे आहे कोण?"

व्हर्नाने कॅमेरा खसकन फिरवला.

"पेशंट कोण आहेत?"

"आमचे डॉक्टर."

"बरं, मग तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांना बोलवा."

"दुसरे नाहीत."

पडद्यावरची बाई पुढे झुकली. "ठीक आहे. मी आहे. हे कधी सुरू झालं?"

"आत्ताच!" क्लिंट म्हणाला. "तिसरा टाका घालेपर्यंत मला शिव्या देत होते."

मग सगळं भराभर झालं. डॉक्टरांना स्कॅनला नेलं. मेंदूत रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कपाटात होतं, पण व्हर्नाने ते आजवर कोणाला दिलेलं नव्हतं. चर्चच्या स्वयंपाकघरातून डॉक्टरांची बायको सोल्वेग पिठाच्या हातांनीच धावत आली.

"यातून फायदा होईल, पण मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो," डॉक्टर यून तिला म्हणाल्या. "त्यांना बोलता आलं असतं तर काय म्हणाले असते?"

"आधी तुमचा उद्धार केला असता," सोल्वेग रडतरडत म्हणाली. "मग म्हणाले असते, द्या."

व्हर्ना सुई घेऊन वाकली, तसं डॉक्टरांनी डाव्या हाताने तिचं मनगट गच्च पकडलं. ते तिच्याकडे एकटक बघत होते. थांब म्हणत होते की दे? तिला कळेना. तिने हळूच बोटं सोडवली आणि इंजेक्शन दिलं.

तासाभरात हेलिकॉप्टर त्यांना घेऊन गेलं. क्लिंट अर्धा शिवलेला अंगठा फडक्यात गुंडाळून उरलेले टाके घालून घ्यायला चाळीस मैल गेला.

डॉक्टर वाचले. पण गावाला बोलायला तेवढं पुरलं. "भिंतीवर पेटी आली आणि डॉक्टर गेला," कॅफेत कोणीतरी म्हणालं आणि चारजण हसले. व्हर्ना कॉफी तशीच टाकून बाहेर पडली. हॉस्पिटलात बदली डॉक्टर येत-जात होते, एकाचं नाव पाठ होईतो दुसरा हजर. व्हर्नाच्या मनगटावर ती पकड मात्र तशीच होती.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी ती त्यांच्या घरी गेली. डॉक्टर खिडकीशी बसले होते, उजवा हात मांडीवर निपचित. बोलणं सावकाश, शब्द शोधत शोधत.

"डॉक्टर, तुम्ही माझं मनगट धरलं होतंत," ती बसायच्या आधीच म्हणाली. "नको म्हणत होतात का?"

डॉक्टरांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं.

"आठवत... नाही." मग म्हणाले, "घाबरलो होतो, व्हर्ना. सगळ्यांना सांगायचो... घाबरू नका. मला... काय माहीत होतं?"

व्हर्नाने त्यांचा तो निपचित हात उचलून आपल्या हातात घेतला आणि सोल्वेग कॉफी घेऊन येईपर्यंत धरून ठेवला. जाताना ते म्हणाले, "मी... परत नाही येणार. दुसरा बघ."

दुसरा मिळणं काही सोपं नव्हतं. दोघं येऊन बघून गेले, परत फोनही नाही. जानेवारीत ओहायोहून डेलिया प्रूइट नावाची तरुण डॉक्टर आली. हॉस्पिटल फिरून झालं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "इथे मी एकटीच असेन का?"

"खोलीत असाल," व्हर्ना म्हणाली, आणि तिने लाल बटण दाबलं. पडद्यावर डॉक्टर यून आल्या, हातात अर्धवट खाल्लेलं सँडविच.

"कोण आहे? इमर्जन्सी आहे का?"

"नाही. नवीन डॉक्टर आल्यात बघायला. तुमची ओळख करून देत होते."

"मग त्यांना सांगा, नर्स चांगली आहे. सांगितलेलं पटकन करते."

आठ दिवसांनी डेलियाचा होकार आला, पण दोन वर्षांपुरताच. व्हर्नाला त्याच दुपारपासून तिसऱ्या वर्षाची काळजी लागली.

मार्चच्या शेवटी, बर्फ भुरभुरत असताना, डेलियाची गाडी हॉस्पिटलसमोर थांबली. मागच्या सीटवर एक म्हातारं कुत्रं, टपावर दोरीने बांधलेली गादी. व्हर्ना अंगात कोट न घालताच बाहेर धावली आणि दोरीच्या गाठी सोडू लागली.

"अहो, राहू दे, मी करते!" डेलिया म्हणाली.

"धरा ते टोक," व्हर्ना म्हणाली. "आधीच भिजलीये."