पन्नास मिनिटांचा चेहरा

चेहऱ्याचा साचा नीट काढायला सलग तीन तास लागतात. यात माझी मनमानी नाही. प्लॅस्टर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण विद्यापीठानं ठरवलं, गणित असो की शिल्पकला, प्रत्येक तास पन्नास मिनिटांचाच. माझ्या शिल्पकलेच्या वर्गाचे तीन तुकडे झाले, तेही वेगवेगळ्या दिवशी. घंटा झाली की खोली रिकामी करायची.

हा हुकूम कुलसचिवांचा. मुलं त्यांना घंटासाहेब म्हणत, ते काही उगाच नाही. मी त्यांच्याशी भांडायला गेले.

"मॅडम, एकाला सूट दिली की सगळे रांग लावतात."

"सर, परवा एका मुलीचा साचा घंटेपायी ओलाच काढावा लागला. मोडला. परीक्षेला काय ठेवणार ती?"

"जरा भराभर हात चालवायला सांगा तिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्याकडे निवृत्त होणाऱ्या कुलसचिवांचा मुखवटा मुख्य जिन्यापाशी लावतात आणि तो माझ्याच वर्गात घडतो. घंटासाहेबांची निवृत्ती जवळ आली होती. नवा कोट घालून स्वारी हजर झाली.

"छान करा हं. नातवंडं बघायला येणार आहेत."

"अगदी नियमात करू," मी म्हटलं.

आम्ही चेहऱ्याला व्हॅसलीन चोपडलं, नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या आणि प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या चढवायला लागलो. आता बोलायचं नाही, असं त्यांना बजावताना मला झालेला आनंद मी लपवला नाही. हनुवटीशी पोचलो आणि घंटा झाली. मुलं माझ्याकडे बघायला लागली. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, पुरं करूनच टाकावं. मग त्या मुलीचं रडणं आठवलं.

"हात धुवा आणि निघा."

साहेब आतून हुं हुं करत राहिले. मी ओला साचा उतरवला. तो माझ्या हातातच खचला.

पुढच्या तासाला त्याच साच्यात ओतकाम केलं. गाल आत, नाक एकीकडे, हनुवटीचा पत्ताच नाही. तसाच मुखवटा जिन्यापाशी लावला आणि खाली पाटी ठोकली: 'पन्नास मिनिटांत'. दुपारपर्यंत अख्खं विद्यापीठ तिथं लोटलं.

साहेब तणतणत आले. "आधी हे ध्यान उतरवा! नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. नियम तुमचा, चेहरा तुमचा. मी एक मिनिटही जास्त घेतलं नाही."

तेवढ्यात गर्दीतून ती मुलगी पुढं आली. आपल्या मोडक्या साच्याचे तुकडे तिनं मुखवट्याखाली मांडले. साहेब एकदा त्या तुकड्यांकडे, एकदा स्वतःच्या खचलेल्या गालांकडे बघत राहिले.

"नीट करायला किती वेळ लागतो?" अखेर त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. मी तोंड उघडणार, तोच ती मुलगी म्हणाली,

"सलग तीन तास, सर. तुमच्यालाही आणि माझ्यालाही."