पांढऱ्या पडणाऱ्या बोटांचा केसपेपर

मी एक केसपेपर बोलतोय. घाई असेल तर खुशाल पुढे व्हा, मी सावकाश बोलणारा आहे. मला वाचता येत नाही. कुणी मोठ्यानं वाचलं, की माझ्या पोटात काय आहे ते मला कळतं.

छापखान्यातून आलो आणि पहिल्याच दिवशी एका बाईशी माझी गाठ बांधली गेली. ती शीतगृहात मासळी भरायची. गारठ्यानं तिची हातापायाची बोटं खडूसारखी पांढरी पडत, मग निळी. डॉक्टरांनी तपासलं, माझ्यावर एक फराटा ओढला आणि म्हणाले, "पुढचा!"

तिथून मी कोडवाल्या ताईंकडे गेलो. प्रत्येक आजाराचा एक आकडा असतो, तो त्या लावतात. फराटा काही लागेना. विचारायला जायचं तर तीन जिने. त्यांनी सोपा आकडा टाकला: रक्ताभिसरणाचा आजार, कोणता ते सांगितलेलं नाही.

आठवड्यानं बाई परत आली. "ताई, आमच्या शीतगृहाचे साहेब म्हणतात या आकड्यावर कामाचं खातं बदलून मिळत नाही. मला त्या गारठ्यातून काढा हो. काल बोट कापलं, तेही कळलं नाही मला."

ताईंनी मला उघडलं. कोपऱ्यात नर्सबाईंनी लिहिलेलं त्या मोठ्यानं वाचू लागल्या, "गार पाण्यात बोटं पांढरी, मग निळी... अगं, इथं तर सगळं आहे!"

"मग टाका की आकडा."

"नर्सच्या लिहिण्यावरून नाही टाकता येत. डॉक्टरांनीच लिहायला हवं. चल वर. गुडघे माझे दुखतात, पण चूकही माझीच आहे."

डॉक्टर म्हणाले, "आता काय?"

"अक्षर लागत नाही तुमचं."

"माझं मलाच कुठं लागतं!" ते हसले. पण बाईचं बोट पाहिलं आणि हसू मावळलं. एकेक बोट दाबून पाहिलं. मग बोलत बोलत, ठळक लिहिलं, "रेनॉडचा आजार, म्हणजे गारठ्यानं बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतात. बोटं सडलेली नाहीत."

"म्हणजे वाचतील?" बाईनं विचारलं.

"थंडीतून बाहेर पडलीस, तर वाचतील."

ताईंनी त्याच दिवशी नेमका आकडा लावला. महिन्याभरात बाई लेबलं चिकटवायच्या खात्यात गेली.

आता माझे कान दुमडलेत, पाठ उसवलीय. लिहिणाऱ्यांनो, एक शब्द नीट लिहा. वाचणाऱ्यांनो, अडलं तर विचारा. विचारल्यानं कुणी लहान होत नाही.

परवा बाई आली, तेव्हा डॉक्टरांनी माझं नवं पान उघडलं. पेन हातात धरून बसले, पण लिहायला तक्रारच सापडेना. ते पान तसंच कोरं राहो, एवढंच माझं मागणं.