गंजीमागचा धूर

दुष्काळात सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली, तेव्हा पहिला नियम बिडीचा केला. वाळक्या कडब्याच्या पाच गंजी, खेटून तीनशे जनावरं, अन् पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी. जो आत जाळ करील, त्याची जनावरं त्याच दिवशी बाहेर.

फाटकात बायनाबाईला बसवलं. बाई लई तिखट. येणाऱ्या प्रत्येक गड्याचा खिसा चाचपायची, काडीपेटी काढून डब्यात टाकायची. काल म्हातारे अर्जुनराव बिडी ओढताना सापडले. त्यांनी हात जोडले, पण हिनं बैलं सोडायला लावलीच.

आज भर दुपारी तिसऱ्या गंजीमागून धूर निघाला. घागर उचलून बायनाबाई धावत सुटली.

गंजीमागं तिची सासू, छबुबाई, तीन दगडांवर तवा ठेवून तंबाखू भाजत बसलेली. वाऱ्यानं कडब्याचं एक पान चुलीकडं सरकलं होतं अन् त्याचं टोक पेटलं होतं. बायनाबाईनं अख्खी घागर त्यावर ओतली.

"अगं, मिसरी संपली तुझी, म्हनून भाजाया घेतली," सासू म्हणाली. "बिडी कुठं वढली म्या?"

महिनाभर बायनाबाईनं गड्यांचे खिसे चाचपले, पण एकाही बाईचं बोचकं उघडलं नव्हतं. मिसरीला जाळ लागतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. अन् आज सकाळी तीच मिसरी दातांना लावून ती पहाऱ्याला बसली होती.

माणसं जमली. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव म्हणाले, "जाऊ द्या बायनाबाई. नियम बिडीचा हाय. तुमची गाय गाभण, घरी चाऱ्याची काडी न्हाई. कुठं नेताल तिला?"

बैलं परत घ्या म्हणून विनवायला आलेले अर्जुनराव गर्दीत उभे होते. ते एवढंच म्हणाले, "माझी बैलं कालपास्नं उपाशी हायत, बाई."

बायनाबाईला लई रडू आलं. तिनं गाईचं दावं सोडलं अन् सासूच्या हातात दिलं. "घरी न्या, आत्याबाई."

गाय फाटकाबाहेर जाईना, मान वळवून गंजीकडं बघत राहिली. छबुबाईनं तिला ओढत नेलं.

बायनाबाईनं कमरेची मिसरीची डबी काढून काडीपेट्यांच्या डब्यात टाकली अन् जागेवर बसली. तेवढ्यात विमलबाई डोक्यावर बोचकं घेऊन आत शिरू लागली.

"थांब," बायनाबाई म्हणाली. "बोचकं सोड."

वाटेवरून गाय अजून हंबरत होती. बायनाबाईनं तिकडं बघितलं नाही.