रीठ गावाचा नकाशा

हिंगणीच्या डोमाजींची पहिली लेक खोऱ्यातल्या जुन्या गावात पुरलेली होती. ते गाव कधीचंच उठलं. माणसं आपल्या पायांनी हिंगणीला आली, मागे जंगलाला वनखात्याचं फाटक लागलं. डोळे मिटायच्या आत लेकीच्या जागी एकदा नैवेद्य ठेवायचा, एवढंच त्यांच्या बायकोच्या, भागीरथाबाईंच्या मनात होतं. फाटकावरचे साहेब म्हणाले, "तिथं गाव होतं याचा पुरावा आणा." मग नातीनं, प्रेरणानं, खटपट करून इंग्रजांच्या वेळचा नकाशा मिळवला.

साहेबांनी तो टेबलावर पसरला. खोरं, नाला, वरचं पठार, सगळं जागच्या जागी. गावाच्या नावापुढे मात्र 'ओसाड' असा इंग्रजीत शेरा. आपल्याकडे अशा गावाला रीठ म्हणतात.

"मोजणीवाले उन्हाळ्यात आले असन," डोमाजी म्हणाले. "उन्हाळ्यात अख्खं गाव ढोरं घेऊन पठारावर जाये. तिथला झरा आटत नाई. खाली कुत्रंबी राहत नोतं."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं बोट वर सरकवलं. पठारावर झऱ्याकाठी झोपड्यांचे ठिपके होते. "आजोबा, इथवर जाऊ देतो. खाली नाही जमणार."

आता काय म्हणावं! माणसं वर दिसली म्हणून खालचं गाव मेलं, कागदोपत्री. डोमाजींना राग यायला हवा होता. आला नाही. "बरं," म्हणून ते उठले.

ठरल्या दिवशी दोघं नवराबायको पठारावर पोचले. खाली नुसता साग. गाव कुठं होतं तेही कळेना. लेक इथंच, झोपडीत जन्मली आणि पावसाआधीच गेली. गावचं माणूस गावच्याच मातीत, ही रीत. म्हणून डोमाजींनी तिला धोतरात गुंडाळून खाली नेलं होतं. ते आठवलं, पण आत काहीच हललं नाही.

"इथूनच हात जोड," ते पडेल आवाजात म्हणाले. "जागेवर काई नेता आलं नाई तुले."

भागीरथाबाईंनी दूधभाताचा द्रोण झऱ्याकाठी ठेवला. "खाली कायले जाऊ? खाली तं तिले तुमी नेलं. जगली तं ती इथंच ना, सारी."

डोमाजी बायकोशेजारी टेकले.

"तोंड कसं होतं वं तिचं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.