ओटीचं ताट

सुमनताईंनी तांदळांवर नारळ ठेवला, खण सारखा केला आणि ताट मांडीवर घेऊन त्या पहिल्या रांगेत बसल्या. समोर सोसायटीचे अध्यक्ष यशवंतराव सुमनताईंच्या मुलाच्या, नवनाथच्या खांद्यावर शाल घालत होते. पिंपळे गुरवच्या त्या पार्किंगमधल्या गाड्या आज बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या, आणि खांबांना बांधलेल्या फ्लेक्सवर सुटाबुटातला नवनाथ हसत होता. ‘अमेरिकेत कायमचे वास्तव्य मिळविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी, त्याची बायको. सौ. करिष्मा.

तो फ्लेक्स सकाळपासून सुमनताईंच्या डोळ्यांत खुपत होता. कारण कायमचं वास्तव्य मिळवलं होतं ते करिष्मानं. आकुर्डीच्या कॉलेजात शिकलेल्या या पोरीनं गाडीची बॅटरी पेट घेण्याआधीच धोका ओळखायची रीत शोधून काढली होती. असामान्य शास्त्रज्ञ म्हणून तिकडच्या सरकारनं तिला ठेवून घेतलं, तेही सुखासुखी नाही. पहिला अर्ज त्यांनी नाकारला. तू कशावरून असामान्य, असं विचारलं. वकील म्हणाला, आता थोडं थांबा, नाव मोठं होऊ द्या. करिष्मा म्हणाली, माझं काम मोठं आहे, मी थांबणार नाही. आणि वकिलाला बाजूला ठेवून तिनं स्वतःच पुन्हा अर्ज केला. नवनाथची नोकरी तेव्हा गेलेली होती.

“आणि तुझं रे काय?” सुमनताईंनी तेव्हा फोनवर विचारलं होतं.

“मी हिच्याबरोबर, आई. हिचा नवरा म्हणून,” तो हसून म्हणाला होता.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सुमनताईंचे यजमान चिमाजी सोसायटीभर सांगत सुटले ते “आमच्या नवनाथला मिळालं” म्हणून. सुट्टीवर आलेल्या जोडप्याचा सत्कार ठरला, फ्लेक्स छापून आला आणि सकाळी घरात ठिणगी पडली.

“अहो, हे खोटं आहे,” सुमनताई म्हणाल्या.

“खोटं काय त्यात? दोघांनाही मिळालंय ना? नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं?” चिमाजींनी चहा बशीत ओतला.

“मग तिचा फोटो मोठा लावा.”

“आई, कशाला वाद?” नवनाथ मध्ये पडला. “एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे.”

“जाऊ द्या, आई,” करिष्मा भांडी पुसत म्हणाली. “मला सवय आहे.”

ते शेवटचं वाक्य सुमनताईंच्या जिव्हारी लागलं. तिकडच्या साहेबांना जिनं माघार घ्यायला लावली, तिला गप्प बसायची सवय व्हावी ती आपल्याच घरात! त्या स्वतः चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनीवर उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या होत्या. काम कुणाचं आणि कौतुक कुणाचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांना राग आला होता, आणि तो दिवसभर काही उतरला नव्हता.

नवनाथनं माईक घेतला. “तुम्हा सगळ्यांच्या आशीर्वादानं...” त्यानं एकदा करिष्माकडे पाहिलं. आता म्हणेल, असं सुमनताईंना वाटलं. पण तो देशाचं नाव, आईवडिलांचे कष्ट, असं ठरलेलंच बोलत गेला. टाळ्या पडल्या. चिमाजींनी रुमालानं डोळे टिपले.

“आता वहिनी सूनबाईंची ओटी भरतील,” यशवंतराव म्हणाले. “नवऱ्यामागून एवढ्या लांब निघालीय पोरगी. भरल्या ओटीनं जाऊ दे.”

करिष्मानं उठून पदर पुढं केला. सुमनताई ताट घेऊन निघाल्या, तिच्यासमोरून सरळ पुढं गेल्या आणि नवनाथपाशी थांबल्या.

“शाल पसर.”

“आई?”

“शाल पसर. दोन्ही हातांनी नीट धर.”

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. “अगं, चुकलीस,” चिमाजी खुर्चीतूनच म्हणाले. “सूनबाई तिकडं आहे.”

“चुकले नाही. भाऊजी म्हणाले ना, मागून निघालेल्याची ओटी भरायची. मग कोण कुणाच्या मागून चाललंय, ते यालाच विचारा.”

नवनाथच्या हातातला माईक चालूच होता. शब्द पार्किंगच्या टोकापर्यंत ऐकू गेले. हसणं थांबलं. यशवंतराव उगीच फ्लेक्सकडे बघायला लागले.

नवनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पोटच्या पोराला चारचौघांत असं उभं करताना सुमनताईंचं काळीज हललं. तरी त्या जागच्या हटल्या नाहीत.

“हातात माईक आहे,” तो अखेर म्हणाला. “शाल कशी धरू?”

“मग दे की तो.”

कुणाला, हे त्यानं विचारलं नाही. माईक करिष्माच्या हातात दिला, खांद्यावरची शाल काढून पुढं पसरली आणि मान खाली घातली. सुमनताईंनी त्याला कुंकू लावलं, खण-नारळ शालीत ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले.

ओटीसाठी पुढं धरलेला पदर करिष्मानं सोडला, नीट खांद्यावर घेतला.

“माझा पहिला अर्ज त्यांनी नाकारला होता,” ती म्हणाली. आवाज कापरा निघाला, म्हणून तिनं माईक आणखी जवळ घेतला. “तिथून सांगते.”

चिमाजी गडबडीनं उठले. “अगं सूनबाई, लोकांची जेवणं—”

“बाबा, बसा,” नवनाथ म्हणाला. भरलेली शाल दोन्ही हातांनी सांभाळत तो तिच्या मागं उभा होता.