घाम न फुटलेल्या विटा

बावीस वर्षं झाली मी लशीची गाडी चालवतो. साहेब बदलले, गाडीची इंजिनं बदलली, मी तोच. काम सांगायला सोपं आहे. थंड खोलीतनं खोकी काढायची, पेटीत भरायची, दवाखान्यात पोचवायची, आणि या सगळ्यात लस ना तापू द्यायची, ना गोठू द्यायची. तापायचं सगळ्यांना कळतं. गोठायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. आमची लस म्हणजे काही पाणी नव्हे, की बर्फ झाला, वितळला, पुन्हा पाणी. एकदा गोठली की मेली. दिसते तशीच, पण दंडात टोचा नाहीतर मोरीत ओता, सारखंच.

म्हणून विटांचं एवढं कौतुक. डीप फ्रीजरमध्ये प्लॅस्टिकचे चपटे डबे असतात, आत पाण्याचा बर्फ. त्यांना आम्ही विटा म्हणतो. वीट फ्रीजरमधनं काढली की लगेच पेटीत घालायची नाही. टेबलावर मांडायची, घाम फुटेस्तोवर थांबायचं. कानाशी धरून हलवली की आत पाणी डुचमळलं पाहिजे. मग ती पेटीत. अर्धा-पाऊण तास जातो. नव्या ड्रायव्हरांचा जीव वर-खाली होतो. मी त्यांना सांगायचो, वीट म्हणजे सासूबाई समजा, जरा निवळू द्या, मग जवळ जा.

आता अक्काचं सांगतो. अक्का माझी थोरली बहीण, नदीपलीकडच्या देशात दिलेली. लग्न होऊन गेली तेव्हा मधे नुसता पूल होता. पुढं नाका झाला, तारा आल्या, शिक्के आले. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ती पंधराची. मला न्हाऊ तिनं घातलं, जेवू तिनं घातलं, आणि झोडपलंही तिनंच. तिकडच्या सरकारी दवाखान्यात ती सुईण होती. म्हणायची, या गावात निम्म्या लोकांनी पहिला फटका माझ्या हातचा खाल्लाय, म्हणून अजून सगळे घाबरून असतात.

साथ आली तेव्हा दोन्हीकडं सारखीच आली. लस मात्र आमच्याकडं आली. आम्ही थंड खोलीतली माणसं, म्हणून पहिला डोस सगळ्यात आधी आम्हाला, दुसराही आम्हाला. वर्ष सरायच्या आत तिसरा निघाला. अंगातली ताकद टिकवायचा म्हणे. मी बाही वर केली, टोचून घेतलं, घरी येऊन दंड दुखतो म्हणून खाटेवर आडवा झालो. आमच्या मंडळींनी विचारलं, बाळंतपण झालंय का तुमचं? तेवढ्यात अक्काचा फोन आला. मी सहज सांगून टाकलं, तिसरा घेतला म्हणून.

"तिसरा?" अक्का हसायला लागली. "ठोंब्या, पहिला कसा असतो रे? चावतो का?"

मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र खाटेवरनं उठून बसलो. तिच्या दवाखान्यातल्या दोन नर्सा तोवर साथीत गेल्या होत्या. उरलेल्या तोंडाचे कपडे उकळून उकळून तेच वापरत होत्या, आणि कळा सुरू झालेल्या बाईला काही थांब म्हणता येत नाही.

इकडं तिसऱ्या डोसाला माणसं येईनात. दोन झाले, पुष्कळ झाले, असं लोकांचं. खोकी पडून राहिली आणि त्यांच्या तारखा जवळ येत चालल्या. आमच्या थंड खोलीवर एक बाई आहेत, सगळं त्यांच्या सहीनं चालतं. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण शिस्तीच्या. त्यांना मी विचारलं, ही खोकी नदीपलीकडं देता येत नाहीत का? बाई म्हणाल्या, मी दोनदा लिहिलंय, काका. पहिल्यांदा वरून उत्तर आलं, आधी आपल्या सगळ्यांचा तिसरा होऊ दे, मग बघू. दुसऱ्यांदा आलं की कागद तयार व्हायला दीड महिना लागेल. खोक्यांवरची तारीख होती बारा दिवसांवर.

मी म्हटलं, मग माझा तिसरा तरी अक्काचा होता, मी कशाला घेतला?

"तुम्ही घेतला नसता तर तो काय चालत तिच्याकडं गेला असता?" बाई म्हणाल्या. "याच खोलीत पडला असता." समजूत घालत नव्हत्या त्या. चिडलेल्या होत्या, आणि माझ्यावर नव्हत्या.

तारखेला पाच दिवस उरले आणि हुकूम आला, एकेचाळीस खोकी जाळायच्या भट्टीसाठी वेगळी काढा. भट्टीवर नेणारा मीच. एका खोक्यात दहा बाटल्या, एका बाटलीत दहा माणसं. हिशोब मला येतो, पण त्या दिवशी केला नाही.

मी एक खोकं काढलं. चोरलं म्हणा, माझी काही हरकत नाही.

लोखंडी पाइप घेऊन आठवड्याला दोनदा नाका ओलांडणारा एक ट्रकवाला माझ्या ओळखीचा. मान लांब, चहाशिवाय काही पीत नाही, सगळे त्याला उंट म्हणतात. अक्काच्या दवाखान्यावरनंच त्याचा रस्ता. एका शब्दात हो म्हणाला, वर मला शिव्या घातल्या की इतके दिवस झोपला होतास का. सोमवारी सकाळी सातला त्यानं गाडी थंड खोलीच्या मागं लावली.

मी चार विटा काढून टेबलावर मांडल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. उंटानं हॉर्न वाजवला. नाक्यावर रांग लागली की दिवस जातो, हे मलाही माहीत होतं. पण खरं सांगू का, नुसती घाई नव्हती. घाईत मी बावीस वर्षं काम केलंय. मी बाहेर बघितलं, सकाळीच ऊन कसं पेटलेलं. दीड दिवसाचा रस्ता, लोखंड भरलेला ट्रक, नाक्यावरचा खोळंबा. मनात आलं, पेटी तापली तर? इतरांच्या पेट्यांना मी कधी भ्यालो नाही. अक्काच्या पेटीला भ्यालो. परत फ्रीजरपाशी गेलो, आणखी चार विटा काढल्या, पांढऱ्याफटक, हाताला चिकटणाऱ्या, आणि आठच्या आठ खोक्याभोवती दाबून बसवल्या. अक्काचं आहे, गारच राहू दे. सवयीनं आत गोठखुणेचं कार्डही टाकलं. पेटीत लस गोठली की त्या कार्डावर फुली उमटते.

मंगळवारी दुपारी बाईंनी खोकी मोजली. चाळीस भरली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी सगळं सांगून टाकलं. नोकरी जाणार हे धरूनच चाललो होतो. बाई खुर्चीवर बसल्या. मग एकच विचारलं.

"विटांना घाम फुटला होता ना, काका?"

हाताला चिकटत होत्या, मी म्हटलं. बाईंनी रजिस्टर पुढं ओढलं आणि लिहिलं, एक खोकं हाताळताना फुटलं.

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. मागून माणसांची गजबज ऐकू येत होती. पेटी पोचली होती, अक्कानं अख्खा दवाखाना गोळा केला होता. नर्सा, झाडूवाली, रुग्णांच्या गाडीचा ड्रायव्हर, चौतीस माणसं बाह्या वर करून रांगेत. मी म्हटलं, अक्का, थांब, टोचू नकोस कुणाला. आतलं कार्ड बघ.

"बघितलं," ती म्हणाली. "फुली आलीये रे."

ती बाजूला कुठंतरी गेली असावी, गजबज कमी झाली. म्हणाली, लहान होतास तेव्हा माझं दुखणं बरं व्हावं म्हणून अख्खी मलमाची डबी माझ्या एका पायाला फासली होतीस, आठवतं का? तसंच केलंस. मी म्हटलं, अक्का, आणखी एक खोकं काढतो. ती म्हणाली, काढशीलही, पण तारखेच्या आत उंट परत येतोय का इकडं? येत नव्हता. त्याची पुढची फेरी शुक्रवारी होती, तारीख गुरुवारची. ती म्हणाली, जा, जेवून घे, माझ्याकडं दोघी अडलेल्या आहेत.

बुधवारी मी चाळीस खोकी भट्टीवर नेली. त्यांच्यासाठी विटा लागत नाहीत.

त्यानंतर अकराव्या दिवशी अक्काला ताप आला, आणि विसाव्या दिवशी ती गेली. माणसांना नाका बंद होता, मला जाता आलं नाही. भाचीनं फोनवर दाखवलं, पण लांबून, पांढऱ्या कापडात. तोंड दिसलं नाही.

महिन्याभरानं भाचीशी नीट बोलणं झालं. तीही सुईणच, आईच्या हाताखाली शिकलेली, आता आईच्या जागेवर. मी कसं तरी बोलायला सुरुवात केली तर तिनंच मला थांबवलं. म्हणाली, मामा, जिवाला लावून घेऊ नकोस, आई सगळ्यांना सांगून गेलीये. नाक्यावर पेटी उन्हात ठेवली, त्यात लस खराब झाली. तिच्या भावानं जोखमीनं पाठवली होती, हे ती येईल त्याला सांगायची.

म्हणजे अक्का मला वाचवून गेली होती. गप्प बसलो असतो तर भागलं असतं, त्या गावात माझं नाव चांगलंच राहिलं असतं. पण नाक्यावरच्या माणसांनी तरी का शिव्या खाव्यात? आणि पोरीशी खोटं बोलून आणखी किती वर्षं फोन करणार होतो? मी सांगितलं, ऊन नव्हतं ते. विटा कडक होत्या, आठ घातल्या मी, चार घालायच्या तिथं. तुझ्या आईची लस मी मारली.

मला वाटलं, फोन ठेवणार आता ही. ठेवला असता तरी चाललं असतं.

"अशी खोकी किती होती तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

"एकेचाळीस."

"आणि ती चाळीस? तीही खराब होती?"

"नाही. चांगली होती."

"मग ती कुठायत?"

मी सांगितलं. मीच नेली, हेही सांगितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. मग मागून कुणीतरी तिला हाक मारली, घाईची. कुणीतरी बाई आली होती, पहिलटकरीण, वेळ भरत आलेली.

"मामा, जाते मी."

अजून तिला पहिला मिळाला नव्हता, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं, तोंडाला दुहेरी कपडा बांध गं. हो म्हणाली, आणि गेली.